साहेब माजघरात पोचतो कसा?

मराठी ऐतिहासिक कादंबरीत, मालिकेत आणि अलीकडे वेबसीरिजमध्येही एक प्रसंग हमखास येतो. इंग्रज अधिकारी वाड्यावर येतो. घरधनी त्याला आदराने आत नेतो, पाट मांडला जातो, केळीच्या पानावर पुरणपोळी पडते, नथ घातलेली सून वरून तूप वाढते आणि साहेब बोटं चाटत 'टुमचा पुरनपोली फार चांगला' म्हणतो. सगळे हसतात. पूर्व आणि पश्चिम भेटले, चला पुढे.

हाच प्रसंग नागपुरात, समजा १८५५ साली, महाल भागातल्या एखाद्या ब्राह्मणाच्या वाड्यात घडतोय असं धरून तपासा. जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकलेली निघेल. विदर्भातली पंगत पळसाच्या पत्रावळीवर बसायची, केळीचं पान हे कोकण-पुण्याकडचं वळण; पण ते एक वेळ सोडून देऊ. साहेब पंगतीला बसलाच कसा? ज्या घरात सोवळ्यातल्या स्वयंपाकाला ओवळ्याचा पदर लागला तरी सगळं पुन्हा करायचं, त्या घरात गोमांस खाणारा माणूस माजघर ओलांडून पाटावर येतो आणि घरातली म्हातारी गप्प बसते? सुनेचं तर नावच नको. परक्या पुरुषासमोर ती यायची नाही, आणि आलीच असती तर कादंबरीचा विषय पुरणपोळी राहिला नसता.

वाडा बांधतानाच कोणाला कुठे थांबवायचं हे ठरलेलं असे. दिंडीदरवाजा, देवडी, चौक, ओसरी, बैठक, मग माजघर आणि त्यापलीकडे सैपाकघर नि देवघर. अस्पृश्य मानलेला माणूस देवडीच्याही बाहेर, कूळ चौकात, सावकाराचा कारकून ओसरीवर, जातभाई माजघरापर्यंत. साहेबाची मजल बैठकीपर्यंत, आणि तिथेही बुटांचा घोळ. आपल्या रिवाजात पायताण बाहेर काढायचं आणि पागोटं डोक्यावर ठेवायचं. त्याच्या रिवाजात टोपी काढायची आणि बूट पायातच ठेवायचे. बुटांनी गादी तुडवता येत नाही, तंग विजारीत मांडी घालता येत नाही, म्हणून खुर्ची हवी. खुर्ची बहुतेक घरांत नसे, ती कुठून तरी आणवायची. पण पाहुणा खुर्चीवर आणि यजमान खाली गादीवर, हे दिसायला बरं नाही. म्हणून दोन खुर्च्या. दुसरीवर घरधनी पाय कुठे ठेवावेत या विवंचनेत बसलेला. खाणं नाही. थोड्या वेळाने अत्तर, गुलाबपाणी, विडा. विडा पुढे आला म्हणजे भेट संपली, हे दोघांनाही माहीत असायला हवं. साहेब फाटकाबाहेर गेला की बैठक धुऊन घ्यायची.

आता सांगा, यातला कुठला प्रसंग जास्त नाट्यमय आहे? मला तर दोन खुर्च्यांचा वाटतो. आणि त्यात लगेच प्रश्न उभे राहतात. खुर्च्या कोणी आणवल्या? 'तिकडे पाणीसुद्धा मागू नका' हे साहेबाला बंगल्यावर जाऊन आधी कोणी सांगितलं? विडा कधी पुढे करायचा याची खूण कोणी केली? हे सगळं करणारा एक तिसरा माणूस तिथे उभा असतो. तो कधी मुनशी असतो, कधी कारभारी, शिरस्तेदार, खानसामा, आया, मिशनची बायबल-बाई, दुभाष्या. आजच्या काळात एखादा एजंट किंवा इंग्रजी येणारा मावसभाऊ. पाश्चात्त्य आणि पारंपरिक भारतीय यांच्या भेटीवर लिहिलेलं बहुतेक ललित साहित्य, मग ते त्यांचं असो की आपलं, याच माणसाला गाळतं. त्याला गाळलं की दोन्ही बाजूंना फक्त नमुने उरतात: एक कुतूहलाने बघणारा गोरा आणि एक गूढ किंवा कर्मठ काळा. मग लेखक कितीही सहृदय असू दे.

हे नागपूरच्याच कागदांवरून दाखवता येतं. भोसल्यांच्या दरबारात कामकाज मराठीत, मोडी लिपीत. कंपनीचा देशी दरबारांशी पत्रव्यवहार साधारणपणे फारसीत. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, कलकत्त्याला लिहिणार ते इंग्रजीत. म्हणजे राजाच्या तोंडून निघालेलं एक वाक्य मोडीतून फारसीत आणि फारसीतून इंग्रजीत जाणार आणि उत्तर त्याच वाटेने उलटं येणार. या वाटेवर दोन-तीन माणसं बसलेली, प्रत्येकाचा आपला पगार, आपला गट, आपली भीती. फारसी पत्राला मायन्याचा आणि अदबीचा भरघोस साज असतो. तो इंग्रजीत येताना झडतो आणि उरतो कोरडा नकार किंवा कोरडी मागणी. उलट दिशेने इंग्रजीतली कोरडी सूचना फारसी साज चढून येते तेव्हा धमकी विनंतीसारखी वाचली जाते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुटल्या, त्याच्या आधीचे आठवडे आप्पासाहेब भोसले आणि रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्यात निरोपांची अशीच ये-जा चालू होती. या लढाईवर कोणी कथा लिहायला घेतली की थेट २६ तारखेच्या संध्याकाळी जाऊन पोचतो. तलवारी, धूर, अरबांची पलटण. खरी कथा त्याआधी मुनशीच्या बैठकीत घडून गेलेली असते. नागपूर रेसिडेन्सीच्या दप्तरातली निवडक कागदपत्रं एच. एन. सिन्हा यांनी संपादित केली, त्याचे खंड १९५० पासून नागपुरातच छापले गेले. ज्याला कादंबरी लिहायची आहे त्याला तिथे ऐवज भरपूर आहे. फक्त तो सलग वाचायचा कंटाळा नको.

गंमत अशी की लेखकांनी गाळलेला हा मधला माणूस नागपूरच्या लोकांनी मात्र अचूक पकडला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांतून मारबतींचे मोठाले पुतळे निघतात. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची मानतात. काळी मारबत म्हणजे बाकाबाई भोसले, दुसऱ्या रघूजींची राणी, इंग्रजांना मिळालेली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. नीट बघा: डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारसाशिवाय वारले, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं, राजवाड्यातली हत्ती-घोडी सीताबर्डीवर लिलावात निघाली, जडजवाहीर कलकत्त्याला विक्रीला गेलं. एवढं सगळं ज्याच्या हुकमाने झालं त्याचा पुतळा नाही. पुतळा आहे तो दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईचा. लोककथा ही अशी. परका लुटणारच, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा काय. राग येतो तो दार उघडणाऱ्याचा.

इथे माझ्याच म्हणण्याला एक आडकाठी येते. मधल्या माणसाला मध्यभागी आणलं की सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं आणि डलहौसी मोकळा सुटतो. मारबतीत नेमकं हेच झालंय. बाकाबाईच्या हातात सैन्य नव्हतं, खजिना नव्हता. होती ती वाटाघाट. वारसा राखायचा, पेन्शन राखायची, वाड्यातल्या शेकडो माणसांची पोटं राखायची, तर कंपनीशी गोडीने राहण्यावाचून कुठला मार्ग होता हे तिच्या जागी उभं राहून कोणी लिहिलेलं मला तरी माहीत नाही. म्हणून मधला माणूस नुसता दाखवून भागत नाही, त्याचं गणित दाखवावं लागतं. त्याला काय मिळतं, काय गमवावं लागतं, दोन्हीकडचे त्याच्याविषयी काय बोलतात. खलनायक करून टाकला तर तोही पुन्हा एक नमुनाच.

परदेशी लेखकांत हे सगळ्यात जवळून दिसतं ते ई. एम. फॉर्स्टरकडे. तो पहिल्यांदा १९१२ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १९२१ मध्ये देवास थोरली पाती या पवारांच्या मराठा संस्थानात महाराजांचा खासगी सचिव म्हणून राहिला. 'अ पॅसेज टू इंडिया' १९२४ चं. त्यातला प्राध्यापक गोडबोले हा दख्खनी ब्राह्मण आहे, आणि चहापानाच्या प्रसंगात फॉर्स्टर त्याला कसा बसवतो ते बघण्यासारखं आहे. बाकीचे इंग्रज आणि मुसलमान पाहुणे एकीकडे. गोडबोल्यांचा चहा थोड्या अंतरावर, त्यांच्या किंचित मागे, एका बुटक्या मेजावर. ते मागे हात करतात आणि जणू योगायोगाने खाणं हाताला लागावं तसे खातात. बाकीचे सगळे आपलं लक्षच नाही असं दाखवतात. दोन-तीन ओळींत विटाळ, तो सांभाळून बाहेरच्या जगात वावरण्याची युक्ती आणि चारचौघांनी केलेली डोळेझाक, तिन्ही येतात. आमच्या पुरणपोळीच्या प्रसंगात हेच नाही. पुढे तिसऱ्या भागात गोकुळाष्टमीच्या कीर्तनात तुकारामाच्या नावाचा गजर चालतो. तो मराठी दरबारात ऐकल्यावाचून कोणाला सुचला नसता.

पण फॉर्स्टरही एका जागी अडखळतो, आणि ते मराठी वाचकालाच चटकन दिसावं. त्याने गोडबोल्यांना धुकं करून टाकलं. काही विचारलं तर गूढ उत्तर, कादंबरीतल्या मुसलमान डॉक्टरवरच्या आरोप-अटकेच्या धांदलीत शाळेला नाव काय द्यावं याची चौकशी, मग अंतर्धान. इंग्रज समीक्षकांनी यावर अद्वैताचे थर चढवले. जरा आपल्या नजरेने बघा. बिगरमराठी गावात कॉलेजात नोकरी करणारा, घरदार दूर असलेला, पुढे एका संस्थानात शिक्षणमंत्री होणारा आणि जाताना त्याच डॉक्टरला तिथे दरबारात चिकटवणारा हा गृहस्थ कोण आहे? ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, बडोदे, नागपूर इथे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेला कारभारी आहे तो. संकटाच्या दिवशी त्याचं गप्प राहणं मला तरी ब्रह्मज्ञान वाटत नाही. कलेक्टर आणि क्लब एका बाजूला, विद्यार्थी आणि वकील दुसऱ्या बाजूला, अशा वेळी नोकरी टिकवायची असेल तर माणूस शाळेच्या नावाचीच चौकशी करतो. फॉर्स्टरने तो पाहिला बरोबर, पण कारभाऱ्याला साधू समजून बसला. आपल्या विद्यापीठांत हे पुस्तक वर्षानुवर्षं शिकवलं जातं. एखाद्या मराठी प्राध्यापकाने गोडबोल्यांची बाजू एवढ्या साध्या भाषेत मांडली तर मुलांना जास्त कळेल. त्याऐवजी त्यांना 'पौर्वात्यवाद' हा शब्द देऊन वाटेला लावतात.

किपलिंगबद्दल थोडक्यात. सिवनीची जंगलं नागपूरहून जबलपूरच्या वाटेवर, वैनगंगा तर आपलीच नदी. 'जंगल बुक' मात्र अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये बसून लिहिलं गेलं आणि लेखकाने सिवनी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांच्या शिकारवर्णनांवर जंगल उभं राहिलं, कारण लांडग्यांच्या कायद्याला साक्षीदार कोण विचारतो. गाव मात्र फसलं. गावकरी लोभी, भित्रे, चेटूक मानणारे, आणि सगळे एकाच आवाजात बोलणारे. आज पेंचच्या गेटवर मोगलीची चित्रं रंगवून आपणच त्याच्यावर धंदा करतो, त्याला इलाज नाही.

आदिवासींच्या बाबतीत मधला माणूस गाळला गेल्याचे परिणाम जास्त गंभीर आहेत. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४० च्या दशकात नागपुरात आला. शाळा काढली, दगड जमवले, गोंडांची गाणी जमवली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेला असता परतताना ओढ्याच्या पुरात बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. लिंगो या गोंडांच्या देवपुरुषाची गाथा इंग्रजी वाचकांपुढे आली ती अशी. ही गाथा हिस्लॉपला सांगितली प्रधानाने. प्रधान हे गोंडांचे गाथा गाणारे; गोंड त्यांचे दाते. म्हणजे गाथेत दात्याचं कूळ कसं थोर, दान देणं कसं धर्माचं, हे आपसूक वजनदार होणार. त्यात भर अशी की ओळ गाऊन थांबायचं, लिहून घेणाऱ्याला रोमन अक्षरांत ती उतरवू द्यायची, मग अर्थ सांगायचा, असं तुटक तुटक गायलेलं गाणं नेहमीच्या गाण्यासारखं राहत नाही. ताल मोडतो, पुनरुक्ती गळते, गाणारा कंटाळला की कडवीच्या कडवी आटोपतं घेतो. हे सगळं त्या छापील गाथेच्या पोटात आहे. 'गोंड असं मानतात' म्हणून तिच्यातले उतारे कथा-कादंबऱ्यांत घालणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं की मध्ये एक गवई बसला होता आणि त्याला पोट होतं.

आदिवासींवर लिहिणारा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन याच्या बाबतीत तर मधल्या माणसाचं नावही उपलब्ध आहे. एल्विन १९२७ मध्ये आला, १९३२ च्या सुमारास मंडल्याच्या गोंडांत जाऊन राहिला, १९४० मध्ये कोसी नावाच्या गोंड मुलीशी लग्न केलं, १९५४ मध्ये भारताचा नागरिक झाला. त्याच्यावर बोलणारे पुष्कळ. शामराव हिवाळ्यांवर कोण बोलतं? मराठी ख्रिस्ती कुटुंबातला हा माणूस पुण्यापासून एल्विनबरोबर होता, मंडल्यातलं काम दोघांनी उभं केलं आणि प्रधानांवर स्वतः पुस्तकही लिहिलं. आणि कोसी? लग्न १९४९ मध्ये मोडलं. एल्विनच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या आत्मचरित्रात कोसीला दोन-चार ओळींपलीकडे जागा नाही. 'गोरा माणूस आदिवासी झाला' ही कथा आपल्याला इतकी आवडते की ज्या बाईच्या घरात तो आदिवासी झाला तिची चौकशी राहून जाते. मराठीत कोणाला या विषयावर कादंबरी करायची असेल तर शामरावांच्या जागी उभं राहून करावी, किंवा हिंमत असेल तर कोसीच्या.

आगगाडीचा डबा ही मात्र वेगळी जागा. वाड्यातल्या उंबऱ्यांचा तिथे उपयोग नाही; तिकीट घेतलं की कोणी कोणाशेजारी बसेल. ना. वा. टिळकांना नागपूर-राजनांदगाव प्रवासात एक गोरा प्रवासी भेटला, बोलणं झालं, त्याने बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. एखाद्या कथाकाराने हे घेतलं तर डब्यातला संवाद आणि चर्चमधलं पाणी, एवढ्यावर काम भागवेल. पण लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधली पाच वर्षं 'स्मृतिचित्रे'त आहेत. वेगळी चूल, वेगळं पाणी, कोणाच्या हातचं चालतं नि कोणाच्या हातचं नाही याचे रोजचे निर्णय, नवऱ्यावरचं प्रेम आणि नवऱ्याचा विटाळ एकाच घरात. धर्मांतर डब्यात सुरू झालं खरं, पण पोचलं ते पाण्याच्या हंड्यापाशी येऊन, आणि तिथे त्याला पाच वर्षं लागली. ज्यांना 'परंपरा आणि पाश्चात्त्य' हा विषय हाताळायचा आहे त्यांनी वेळेचं हे प्रमाण सांभाळावं. एका प्रकरणात सोवळं सुटत नसतं.

उलट्या दिशेच्या प्रवासातही मध्ये कोणीतरी असतंच. आनंदीबाई जोशींची अमेरिका आपण एका प्रेमळ 'मावशी'ची गोष्ट म्हणून सांगतो. तिची सुरुवात बघा: गोपाळरावांनी १८७८ मध्ये मदत मागणारं पत्र मिशनऱ्यांना लिहिलं, ते अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापलं गेलं, सोबत आधी ख्रिस्ती व्हा अशा अर्थाचा उपदेश. ते मासिक दंतवैद्याकडे खोळंबलेल्या मिसेस कार्पेंटरच्या, म्हणजे पुढच्या 'मावशी'च्या, हाती पडलं. नकार देणाऱ्या संपादकाने पत्र छापलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. कथेत हा संपादक घ्यायचा की नाही? घ्यायचा. गोष्ट गोड राहणार नाही एवढंच.

'पारंपरिक समाज' म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे ब्राह्मणाचं माजघर येतं, हीही एक खोड आहे, आणि वर दिलेल्या उदाहरणांतही ती दिसतेच. नागपूरला तरी ती शोभत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला त्यांचं निधन झालं, त्या दिवशी संघरक्षित हा इंग्रज भिक्खू नागपुरात येऊन उतरला होता. त्या रात्री कस्तुरचंद पार्कात शोकसभेसाठी जमलेल्या लोकांपुढे तो बोलला, आणि पुढचे काही दिवस वस्त्यांवस्त्यांत बोलत राहिला. एक गोरा माणूस, अंगावर चीवर, समोर दोन महिन्यांपूर्वी हिंदू धर्म सोडलेला आणि आज पोरका झालेला समाज. 'गोरा गुरू शोधायला येतो आणि भारत त्याला अध्यात्म देतो' हा ठरीव साचा इथे उलटा होतो. आणि लिहायला बसलेल्याने पहिल्या पानावरच ठरवायला हवं: त्याच्या शेजारी उभं राहून मराठीत कोण सांगतंय? त्या माणसाची जात कोणती? ती ऐकणाऱ्यांना माहीत आहे का? इंग्रजीतलं सांत्वन मराठीत आणताना तो स्वतःचं काही घालतो का? माझ्या मते त्या कादंबरीचा निवेदक तोच.

संवादांबद्दल एक तांत्रिक गोष्ट. साहेबाच्या तोंडी 'टुम' घालणं आता थांबवायला हवं. ते नाटकातलं हिंदी आहे. 'त'चा 'ट' होतो हे खरं, पण मराठी शिकलेला इंग्रज अडखळतो तो जास्त करून लिंगात आणि सामान्यरूपात. 'माझा पुस्तक', 'घोडाला पाणी द्या', 'ती दिवस'. शब्द मात्र त्याचे अवजड असतात, कारण त्याने मराठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातून आणि पंडितजींकडून घेतलेली असते. चूल पेटवायला सांगताना तो 'अग्नी' म्हणेल. चुकीचं व्याकरण आणि भारदस्त शब्द, हे मिश्रण जमलं तर माणूस जिवंत होतो, आणि त्याला कोणत्या जातीच्या पंडिताने शिकवलं हेही कळतं. ऋतूचंही तसंच. मे महिन्यात नागपूरला भर दुपारी साहेब बाजारात फिरत असेल तर लेखक नागपूरला आलेला नाही. दारंखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी मारणारा माणूस, पहाटेची कचेरी. आणि मध्य प्रांत झाल्यावर उन्हाळ्यात सरकारच उठून पचमढीला.

आजच्या काळातल्या कथांचा नायक बदललाय, चूक तीच. आता विदेशी सून येते. सासू रुसते, सून साडीत अडखळते, वडाभातावर हिंगाची फोडणी घालायला शिकते आणि दिवाळीच्या अंकात शेवट गोड होतो. अहो, पण लग्न कसं लावलं? विदेशी नागरिकाशी नोंदणी विवाह म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस राहिलेला हवा. मग नोटीस, तिची प्रत कार्यालयात ठळक जागी लागणार, आणि पुन्हा ३० दिवस हरकतींसाठी. हरकत आली तर चौकशी. तीन साक्षीदार. तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद. मुलीच्या देशाच्या वकिलातीचा 'लग्नाला अडथळा नाही' असा दाखला, तो बहुधा दिल्ली-मुंबईहून, आणि त्यावरचा तिच्या नावाचा क्रम पासपोर्टशी जुळत नसेल तर हेलपाटा. इकडे ती सासरच्या घरी उतरली तर २४ तासांत विदेशी पाहुण्याची नोंद, लोक जिला अजून 'सी फॉर्म' म्हणतात ती. घरात हे कोणाला माहीतच नसतं आणि व्हिसाच्या वेळी उगवतं. ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड हवं तर नोंदलेलं लग्न दोन वर्षं टिकलेलं हवं.

कादंबरीला याहून चांगला सापळा कोणता? त्या फलकावरची नोटीस कोणीही वाचू शकतो. घरच्यांना आधी कळतं की चुलत्याला, की एखाद्या संघटनेच्या कार्यकर्त्याला? साक्षीदार तीन कोण? सासूचा रुसवा सगळे लिहितात. पण वकिलातीचा दाखला वाचून 'हे बघा काकू, पोरीचं आधी लग्न झालेलं नाही असं लिहिलंय' असं तिला समजावून सांगणारा भाचा, आणि त्याच दाखल्यातली घटस्फोटाची ओळ न वाचता पुढे गेलेला भाचा, तो कोणी लिहीत नाही. या सगळ्या भेटीत सत्ता त्याच्या हातात आहे, निदान तीस दिवस तरी.

आणि शेवटी एक न लिहिलेलं पुस्तक. १ जानेवारी १८७७, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. जुम्मा तलावाजवळची दलदल भरून जागा केलेली. व्यवस्थापक बेझनजी मेहता, रेल्वेतून आलेला पारशी, ज्याला कापडातलं काही ठाऊक नव्हतं. यंत्रांचा जाणकार जेम्स ब्रुक्सबी, इंग्रज. मजुरांत पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालवलेले विणकर. सुरुवातीची यंत्रं स्वस्तातली, माल हलका निघे. आणि माणसं रोज यायची नाहीत. घरी मागावर बसणारा माणूस सणाला, सोयरिकीला, पेरणीला आपल्या मर्जीने उठतो. भोंग्याला त्याची मर्जी चालत नाही. मालकांनी दंडापेक्षा बक्षिसांवर भर दिला, वर्षाच्या समारंभात घड्याळं, साखळ्या, कपडे वाटले, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला. इथे पुरणपोळी नाही, गूढ प्राध्यापक नाही, माजघरही नाही. तरीही पश्चिम आणि परंपरा दिवसाचे कितीतरी तास समोरासमोर, आणि मध्ये जॉबर: साहेबाची इंग्रजी कामापुरती, शेठची गुजराती अर्धीमुर्धी आणि मजुरांची बोली घरची. भरती त्याच्या हाताने, गैरहजेरी त्याच्या तोंडून, चिरीमिरी त्याच्या खिशात. हे लिहायला हलबी-कोष्टी बोली कानावर असलेला लेखक हवा, सूत कोरड्या हवेत का तुटतं हे समजावून सांगणारा जुना गिरणीकामगार हवा, आणि गुजराती वाचणारा संपादक. गिरणी बंद पडून बराच काळ लोटला, तेव्हा यातला दुसरा माणूस आधी गाठावा.